बाकावरचा गैरहजर

दिंडोरीच्या गोरक्षला जन्मापासून ऐकू येत नाही, पण मोटरीचं दुखणं त्याला बरोबर कळतं. चालू मोटरीवर तळवा ठेवला की बेअरिंग गेलंय की वायंडिंग जळतंय, हे तो क्षणात ओळखतो. बारा वर्षं सावळीरामच्या दुकानात द्राक्षबागांचे पंप त्यानंच दुरुस्त केले आणि गिऱ्हाईक मात्र म्हणायचं, "सावळीरामचा हात लय चांगला हाय!" हात कुणाचा, हे विचारतंय कोण?

म्हणून नाशिकच्या एका कारखान्यात दिव्यांगांसाठी राखलेली मेंटेनन्सची जागा निघाली, तेव्हा त्याचा सगळा जीव तिच्यात अडकला. कायमची नोकरी, स्वतःच्या नावाचं ओळखपत्र. वयाची अट पस्तीस, आणि पुढच्या महिन्यात ती उलटणार होती. ही हुकली की संपलंच.

सकाळी प्रात्यक्षिक झालं. पाच मोटरी ठेवल्या होत्या. पाचही मोटरींचे दोष गोरक्षनं अचूक लिहून दिले. परीक्षक साहेबांनी कागद पाहिला, मान डोलावली, आतल्या दाराकडे हात केला आणि काहीतरी बोलले. दाराशेजारी बाक होता. साहेबांच्या तोंडात तोबरा, ओठ जेमतेम हलले. गोरक्षनं ते वाचले: "बस."

पस्तिशीच्या माणसाला 'बसा' नाही, नुसतं 'बस', याचंही त्याला नवल वाटलं नाही. बहिऱ्याला अहो-जाहो करतंय कोण! तो बाकावर बसला. माणसं आत जात होती, बाहेर येत होती. आपलीही पाळी येईल, कुणीतरी खूण करेल, म्हणून तो पाणी प्यायलाही उठला नाही. डबा पिशवीतच राहिला.

चार वाजता कुबड्या सावरत अमित बाहेर आला. सकाळी गोरक्षच्याच शेजारी परीक्षा दिलेला उमेदवार. गोरक्षला पाहून तो चपापलाच. मोबाइलवर लिहून त्यानं समोर धरलं: "दादा, तुम्ही अजून इथंच? साहेब तुम्हाला 'पास' म्हणाले होते. पास झालेल्यांना आत मुलाखतीला जायचं होतं!"

पास. बस. तोंड नीट उघडलंच नाही, तर ओठांवर दोन्ही सारखेच. खोटं वाटत असेल तर तोबरा भरून आरशापुढे उभं राहून बघा!

गोरक्ष धावतच आत गेला. टेबलामागे भरतीचं काम बघणाऱ्या आशा मॅडम यादी पुरी करत होत्या. त्याच्या नावापुढे शेरा होता: 'मुलाखतीस गैरहजर'. त्यानं कागदावर लिहिलं, "मी दाराशीच बसलो होतो." मॅडमनी खाली लिहिलं, "तुमचं नाव तीनदा पुकारलं."

आता बोला! दिव्यांगांसाठी राखलेली जागा, अर्जावर ठळक अक्षरांत 'कर्णबधिर', आणि नाव पुकारलं म्हणे तीनदा! काय म्हणावं या शहाणपणाला? गोरक्षला रडू फुटत होतं. पण इथं रडलो तर ही माणसं पाण्याचा ग्लास देऊन वाटेला लावतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मॅडमनी त्याची सकाळी जमा केलेली मूळ कागदपत्रं परत दिली आणि पोच म्हणून सहीसाठी यादी पुढे सरकवली. गोरक्षनं पेन घेतलं. शेऱ्यातला 'गैर' त्यानं सावकाश खोडला आणि उरलेल्या 'हजर'खाली सही केली. मॅडम ताडकन उठून तावातावानं बोलू लागल्या. गोरक्षनं त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. त्यांच्या ओठांकडे त्यानं पाहिलंच नाही.