कोऱ्या चाचणीचा रकाना

हायडेलबर्गमध्ये साडेतीन वर्षं मी एका मेलेल्या बाईची वकिली केली. तिने मला नेमलं नव्हतं आणि माझ्याकडे सनदही नव्हती. कागदोपत्री मी विज्ञानाच्या इतिहासात पीएच.डी. करत होते.

बाई साताऱ्याकडच्या एका खेड्यातली, विधवा. दिराला पिठल्यातून सोमल, म्हणजे आर्सेनिक, घातला असा तिच्यावर आरोप आला. इंग्रजांच्या एका सरकारी रासायनिक प्रयोगशाळेने दिराच्या पोटातले अवशेष तपासून ‘सोमल सापडला’ असं लिहून दिलं. तेवढ्यावर तिला काळ्या पाण्यावर पाठवलं. दुसरा पुरावा म्हणजे शेजारणीची साक्ष, की दोघांचं जमिनीवरून भांडण होतं. तसं भांडण कुठल्या घरात नसतं? तिच्या जबानीत मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, ‘म्या काय बी घातलं न्हाई.’ इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यात ते एवढंच मराठी होतं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ठरवूनच टाकलं की हिने खरंच काही घातलेलं नाही.

संशोधकाने असं ठरवायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी ठरवलं.

त्या प्रयोगशाळेत जिल्ह्याजिल्ह्यांतून लाखबंद बरण्या यायच्या. दारूत बुडवलेली आतडी, रक्ताचे डाग पडलेली धोतरं, अर्धवट खाल्लेले लाडू, विहिरीचं पाणी, चिलमीतली राख. अहवालावर सही एका साहेबाची असे आणि हात काळे करायला देशी असिस्टंट असत. सोमलाची चाचणी अशी: काचेच्या चंबूत जस्त आणि आम्ल घालायचं, निघणारा वायू तापवलेल्या बारीक नळीतून सोडायचा. नमुन्यात सोमल असेल तर नळीच्या आत चकचकीत तपकिरी-काळा डाग धरतो. फक्त एक अडचण असे. बाजारातल्या जस्तातच थोडा सोमल असायचा. म्हणून आधी नमुना न घालता नुसतं जस्त आणि आम्ल लावून बघायचं. ही कोरी चाचणी. नळी स्वच्छ राहिली तरच पुढे जायचं. रजिस्टरात तिच्यासाठी वेगळा रकाना होता आणि असिस्टंटने प्रत्येक नमुन्यापुढे त्यात ‘स्वच्छ’ असं लिहिलेलं होतं.

मुंबईच्या दप्तरखान्यात ते रजिस्टर मी पानापानाने मोबाइलवर टिपून आणलं. ज्या रजिस्टरात माझ्या बाईची नोंद, त्याची शेवटची चार पानं रिकामी होती. ना नमुना क्रमांक, ना जिल्हा, ना तारीख. पण कोऱ्या चाचणीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ’. गृहस्थाने चाचण्या करायच्या आधीच निकाल लिहून ठेवले होते. नमुने पुढच्या रजिस्टरात गेले आणि ही पानं तशीच राहून गेली.

मला किती आनंद झाला सांगू? दोन दिवस मी नेकार नदीच्या काठाने एकटीच हसत फिरत होते. आणि तितकाच त्या असिस्टंटचा राग येत होता. एक माणूस जाणार की राहणार ते ज्या कामावर ठरतं त्यात असला आळस? आमचाच माणूस, आणि आमच्याच बाईचा गळा कापला याने. मी त्याच्यावर एक सबंध प्रकरण लिहिलं. भाषा जरा जहाल झाली होती. माझ्या मार्गदर्शक बाईंनी, जर्मनीत ज्यांना डॉक्टरमुटर म्हणतात त्यांनी, प्रकरण वाचून चष्मा काढला.

“आल्झो, असं बघा,” त्या म्हणाल्या, “रकाना आधी भरला, यावरून माणूस आळशी होता हे ठरतं. त्या नळीतला डाग जस्ताचा होता, हे नाही ठरत.”

गेनाऊ, अगदी बरोबर. मुद्दा तोच होता, आणि मला तो अजिबात आवडला नाही.

मग मी प्रयोगाची परवानगी काढली. बाईच्या नोंदीत डागाचं वर्णन होतं, नखाएवढा, फिकट तपकिरी. सोमल मोजून थोडा थोडा वाढवत घालायचा आणि प्रत्येक वेळी डाग किती गडद होतो ते बघायचं, म्हणजे नळ्यांची एक पट्टी तयार होईल. बाईचा डाग त्या पट्टीत कुठे बसतो ते पाहायचं. तो अगदी खालच्या नळीशी जुळला, तर एवढ्याने माणूस मरत नाही आणि इतकं तर त्या काळच्या जस्तातच असायचं, असं म्हणता येणार होतं. मूळची मी रसायनशास्त्राची, म्हणून रसायन विभागाने तळघरातलं एक धुराडं, वायू ओढून घेणारं काचेचं कपाट, मला दिलं, आणि देखरेखीला निवृत्तीला टेकलेले एक लाबोरांट, म्हणजे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. विषारी वायूचा प्रयोग एकटीने करायचा नाही असा नियम होता. माझ्यासाठी लागणारं जस्त अर्थातच आजच्या काळातलं, शुद्ध. तरीही प्रत्येक वेळी आधी कोरी चाचणी करायची, हे मी स्वतःच कार्यपद्धतीत लिहिलं होतं.

ऑक्टोबरमध्ये सुरुवात झाली. माझं कंत्राट मार्चअखेर संपत होतं आणि वाढवून मिळणार नाही हे मला लेखी कळवलं होतं. नळ्या फुटायच्या, वायू गळायचा, एका दिवसात दोन चाचण्या झाल्या तरी डोक्यावरून पाणी. नवरा र्युसेल्सहाइमला मोटारीच्या कारखान्यात. शनिवारी मी तिकडे जायची आणि रविवारभर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून रडायची. आंघोळ करतानासुद्धा मी मार्चपर्यंतचे दिवस मोजत असे. इतकी घाबरलेली मी आयुष्यात कधी नव्हते, आणि ती बाई सुटली पाहिजे हे एकच डोक्यात होतं. माझी पदवी आणि तिची सुटका यात मला फरकच वाटेनासा झाला होता.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी लाबोरांट माझ्या धुराड्याशी थांबले. काचेवर नोंदीचा तक्ता चिकटवलेला होता. ते बराच वेळ वाचत होते.

“उद्याचंही झालेलं दिसतंय,” ते म्हणाले.

मी बघितलं. त्या दिवसाच्या ओळी, उद्याच्या ओळी, थेट शुक्रवारपर्यंतच्या. बाकीचे रकाने रिकामे. कोऱ्या चाचणीच्या रकान्यात माझ्या अक्षरात, एकाखाली एक, ‘क्लार, क्लार, क्लार’, म्हणजे स्वच्छ.

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला ब्यूरेटची तीन रीडिंग घ्यावी लागत. तिन्ही सारखी आली की ते कॉन्स्टंट रीडिंग. तीनदा कोण करतंय? सगळे एकदा करत आणि दहा पूर्णांक एक, दहा पूर्णांक एक, दहा पूर्णांक एक असं लिहून मोकळे होत. काही जण तर उत्तर आधी ठरवून मग रीडिंग लिहीत. जर्नलवर सही मिळायची, मार्क मिळायचे. यात काही खोटेपणा आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. सर मंडळींनाही वाटत नसावं, त्यांनीही तसंच केलं होतं. पुढे तेच हात घेऊन मी जर्मनीत आले. तक्ता छापला की जे नेहमी सारखंच येणार ते आधी भरून टाकायचं, यात मी विचारसुद्धा केला नव्हता. दुसऱ्याच्या रजिस्टरात जे मला शंभर वर्षांच्या अंतरावरून दिसलं, ते माझ्या नाकासमोरच्या काचेवर मला दिसलं नाही.

मी खुर्चीवर बसले. मागच्या पाच आठवड्यांतल्या कोणत्या कोऱ्या चाचण्या मी खरंच केल्या होत्या ते आठवू लागले. पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या केल्या होत्या. नंतरच्या काही केल्या, काही नाही. कोणत्या, ते सांगता येईना. मध्ये जस्ताचा नवा डबा उघडला होता. दुसऱ्या पुरवठादाराचा, स्वस्तातला, मीच मागवलेला.

लाबोरांटना मी म्हटलं, आता एक लावू या. त्या नव्या डब्यातलं जस्त आणि आम्ल, बाकी काही नाही. ते माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभे राहिले. वीसेक मिनिटांनी नळीत फिकट तपकिरी डाग धरला. नखाएवढा.

“या,” ते जर्मनमध्ये ‘हो’ म्हणाले, आणि मला पाणी आणून दिलं.

ज्या पट्टीत बाईचा डाग अगदी खालच्या नळीशी जुळत होता, ती पट्टीच खोटी होती. माझ्या नळ्यांत जेवढा सोमल मी घातला होता त्यात जस्ताचाही मिसळला होता, म्हणून त्या हव्या त्यापेक्षा गडद आल्या होत्या. खरी पट्टी केली तर बाईच्या डागाला माझ्या हिशेबापेक्षा जास्त सोमल लागणार होता. म्हणजे चूक झाली ती तिच्या फायद्याची झाली होती. माझ्या आळसाने तिला निर्दोष केलं होतं. आणि खरी पट्टी पुन्हा करायला मार्चपर्यंत वेळ पुरत नव्हता.

शनिवारी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता.

“अगं, एक कॉलम आहे,” तो म्हणाला. “सबमिट कर. कुणाला कळणारे?”

“मला कळलंय ना.”

“तुला तर ती बाई निर्दोष आहे हेही कळलं होतं,” तो म्हणाला. मग लगेच, “सॉरी. पण तीन वर्षं तू जगली नाहीयेस. मी बघतोय. मला तू घरी हवीयेस, बास.”

मी त्याच्यावर खूप ओरडले. तो चुकीचं बोलला नव्हता म्हणून जास्तच ओरडले. रविवारी परतीच्या गाडीत मी दोन पत्रं लिहिली, एक मार्गदर्शक बाईंना सगळं कबूल करणारं आणि एक काहीच न सांगणारं. मानहाइमपर्यंत दुसरं पाठवायचं ठरलं होतं. हायडेलबर्गला उतरल्यावर पहिलं पाठवलं. सद्गुणाने नव्हे. त्या असिस्टंटवर लिहिलेली माझी वाक्यं मला तोंडपाठ होती आणि ती माझ्यावरच चालून येत होती.

मार्गदर्शक बाईंनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“अजून काही छापलेलं नाही,” त्या म्हणाल्या, “म्हणून हे इथेच थांबतं. प्रयोग सगळे टाकून द्यायचे. रजिस्टरची ती चार पानं खरी आहेत, ती राहू देत, एका परिच्छेदात. बाकीची चार प्रकरणं भक्कम आहेत. मार्चमध्ये प्रबंध देता येईल.”

“आणि ती?” मी विचारलं.

“कोण?”

मला नाव घ्यावं लागलं. तीन वर्षांत तिचं नाव मी त्यांच्यासमोर शंभरदा घेतलं असेल.

“तिचा निष्कर्ष काढून टाका,” त्या म्हणाल्या. “जे दाखवता येत नाही ते सुचवायचंही नाही.”

मी भांडले. मुदत मागितली, फुकट काम करते म्हटलं, धुराडं सहा महिने राहू द्या म्हणून अक्षरशः हात जोडले. त्यांनी माझ्या जोडलेल्या हातांकडे बघितलं आणि नजर वळवली. तळघर एप्रिलपासून दुसऱ्या कुणाला दिलेलं होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रबंध दिला. पुढे डॉक्टरही झाले. नवऱ्याने घराच्या दारावर माझं नाव पदवीसकट लावलं. जर्मनीत तशी पद्धत आहे, आणि मी त्याला अडवलं नाही.

प्रबंधाच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. त्या रजिस्टरातल्या सगळ्या विषप्रकरणांचा तक्ता: जिल्हा, मृत, आरोपी, प्रयोगशाळेचा निष्कर्ष. सगळ्यांचा द्यायचा तर तिचाही द्यावा लागला. तिच्या ओळीवर येऊन मी थांबले. शेरा लिहायला रकाना नव्हता, आणि असता तरी लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. मग मूळ नोंद बघून शेवटच्या रकान्यात मी टाइप केलं, ‘सोमल सापडला’.