करंटची गाडी आणि दोनची पाळी

२० जानेवारी. सकाळी गार वारा, आकाश स्वच्छ. दुपारी स्वेटर काढावा लागला एवढं ऊन.

माझ्या डायरीत रोजच्या पानाला चार रकाने असतात: तारीख, हवा, किलोमीटर आणि शेरा. शेऱ्याचा रकाना मी टायरमधली हवा, ब्रेकचा आवाज असल्या नोंदींसाठी आखला होता. पण माणसं बोलत राहतात आणि मला लिहून ठेवायची खोड. गेल्या तीन महिन्यांत त्या रकान्यात गाडी कमी आणि माणसंच जास्त भरली. ओळी समासात गेल्या, समासातून मागच्या पानावर गेल्या. आज सुट्टी आहे, म्हणून त्यातलं थोडं नीट उतरवून काढते.

मी डायलिसिसची मशीनं आणि त्यांना पाणी पुरवणारे प्लँट दुरुस्त करते. सत्तावीस वर्षं झाली. बेंगळुरूच्या राजाजीनगरात आमच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे. तिथे आम्ही पाच फील्ड इंजिनीअर. माझ्याकडे म्हैसूर, हासन आणि पार सकलेशपूरपर्यंतचा भाग. महिन्याला चार हजार किलोमीटर मी स्वतः चालवते. वय त्रेपन्न. सगळे पद्माक्का म्हणतात.

* * *

दर चार वर्षांनी कंपनी आमच्या गाड्या बदलते. या वेळी फॉर्मवर डिझेल आणि इलेक्ट्रिक असे दोन चौकोन होते. मी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर इलेक्ट्रिकवर खूण केली.

बसवराज आमचा सगळ्यात अनुभवी गडी. मूळचा निपाणीचा, भाग बल्लारीकडचा. डब्यातली भाकरी तशीच हातात धरून तो म्हणाला, "अक्का, भाजी आणायला ठीक आहे ओ करंटची गाडी. आम्ही दिवसाला चारशे मारतोय, चारशे! तुमची गाडी चन्नरायपट्टणापर्यंत जाईल, पुढं तुम्ही बसनं जाशीला."

मग मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. अमेय, पुण्याचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. "अक्का, पॉलिसी क्लिअर आहे. तीन महिने ट्रायल. चार्जिंगमुळे एक जरी कॉल लेट झाला, तर गाडी परत आणि तुम्ही बेंचवर. तसाही तुमच्या वयाला बेंच कम्फर्टेबल आहे."

बेंच म्हणजे मागची बिनखिडकीची खोली. तिथे जळकी सर्किट बोर्डं येतात आणि दुरुस्त होऊन जातात. माणूस कुठेच जात नाही.

मी म्हणाले, "ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या, अमेय. माझी वाट बघत बसली तर तिच्यावर धूळ साचेल."

* * *

ट्रायलची गाडी ठरवायला शोरूममध्ये गेले. टाय लावलेला सेल्समन हसतमुख होता. "मॅडम, एका चार्जमध्ये साडेचारशे किलोमीटर!"

मी डायरी उघडली. "किती वेगाने?"

"म्हणजे... नॉर्मल."

"एसी लावून? मागे साठ किलो सामान ठेवून? नेलमंगलाचा ट्रॅफिक धरून?"

"मॅडम, तो आकडा आयडियल कंडिशन्समधला आहे."

"बरं. मग या आयडियल कंडिशन्स कुठल्या तालुक्यात येतात ते सांगा. माझ्या भागात असतील तर तिथूनच सुरुवात करते."

तो पाणी आणायला गेला. परत आला तो दुसराच माणूस.

* * *

मारतहळ्ळीला आमच्या अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये चार्जिंगचा पॉइंट घ्यायचा, तर असोसिएशनच्या सेक्रेटरींची परवानगी हवी. त्यांना मी तीन अर्ज दिले. पहिल्यावर उत्तर आलं, लिफ्टवर लोड येईल. मी इलेक्ट्रिशियनचं पत्र जोडून दुसरा दिला. उत्तर आलं, बॅटरी फुटेल. बिल्डिंगमधल्या प्रत्येक फ्लॅटच्या गॅलरीत इन्व्हर्टरची बॅटरी आहे, हे मी मजलानिहाय लिहून तिसरा दिला.

मग ते मीटिंगमध्येच उभे राहिले. "हे सगळं सरी, ठीक आहे. पण उद्या पाऊस पडून बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तर? करंटची गाडी आहे ती!"

मी विचारलं, "गेल्या पावसाळ्यात पाणी शिरलं, तेव्हा तुमची पेट्रोलची गाडी पोहत बाहेर आली होती का?"

परवानगी त्याच दिवशी मिळाली. अर्जावर त्यांनी लाल शाईने लिहिलं, "स्वतःच्या जबाबदारीवर." मी खाली निळ्या शाईने लिहिलं, "नेहमीप्रमाणे."

* * *

चूक मीही केली, तीही लिहून ठेवली आहे.

दुसऱ्याच आठवड्यात म्हैसूरला गेले होते. रस्ता मोकळा, गाडी गुपचूप पळणारी. जाताना शंभरच्या खाली आलेच नाही. परतताना लक्षात आलं की बॅटरीचे टक्के किलोमीटरपेक्षा वेगाने उतरताहेत. म्हैसूर खाली, बेंगळुरू वर. सत्तावीस वर्षं त्या रस्त्याने गेले, पण आपण येताना चढतो हे डिझेलने कधी जाणवू दिलं नव्हतं. मद्दूरला थांबावंच लागलं.

तिथे चार्जरसमोर एक पेट्रोलची मोठी गाडी लावलेली. मालक आत वडा खात होते. मी जाऊन म्हणाले, "सर, चार्जिंगची जागा आहे. गाडी जरा काढता का?"

"फाइव्ह मिनिट्स मॅडम. स्वल्प अॅडजस्ट माडी."

म्हणजे, जरा सांभाळून घ्या. मी डिकीतून माझं घडीचं स्टूल काढलं, त्यांच्या गाडीच्या बरोबर मागे मांडलं आणि डायरी लिहायला बसले. वेग, उतार, चढ, माझी चूक, सगळं सविस्तर. वीस मिनिटांनी ते आले. किल्ली फिरवली, हॉर्न दिला, मग उतरून मागे आले. "मॅडम, गाडी काढायची आहे. उठता का?"

मी वर न बघता म्हणाले, "पाच मिनिटं. स्वल्प अॅडजस्ट माडी."

एवढा परिच्छेद पूर्ण केला आणि मग उठले.

* * *

या विषयातला माझा गुरू कोरमंगलाच्या चार्जिंग स्टेशनवर भेटला. नागराजण्णा. इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतात. दिवसाला अडीचशे किलोमीटर, तेही गावातल्या गावात. गाडी चार्जिंगला लावली की सीट मागे टाकून डोळ्यांवर रुमाल ठेवतात. प्रश्न विचारला की रुमाल न काढता उत्तर देतात.

त्यांच्याकडून मी तीन पानं लिहून घेतली. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी जेवणाच्या वेळी रांग नसते. एसीपेक्षा पायाचं वजन महाग पडतं. पुढचा चार्जर बंदच आहे असं समजून निघायचं, चालू निघाला तर देवाची कृपा.

एकदा मी ऐंशी टक्के झाले तरी बसून होते. म्हटलं, शंभर करूनच जाऊ. ऐंशीनंतर चार्जिंग गोगलगायीसारखं चालतं, पण मला घाई नव्हती. रुमालाखालून आवाज आला, "अक्का, ऐंशीनंतर इथे बसणारी माणसं दोनच प्रकारची. एक नवीन, नाही तर घरी भांडून आलेली. तुमचं काय?"

मी प्लग काढला आणि निघाले.

* * *

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जुनी पद्धत आहे. सकाळी आठला प्रत्येकाने गाडीच्या मीटरचा फोटो टाकायचा. हजेरी म्हणून. गेली सहा वर्षं रोज पाच फोटो पडतात, आम्ही एकमेकांना अंगठे दाखवतो आणि कामाला लागतो. आजच्या आकड्यातून कालचा वजा करून बघावा, हे मात्र कुणालाच कधी सुचलं नाही. मलाही नाही!

एका रविवारी मी बसले आणि पाचही जणांची वर्षभराची वजाबाकी केली.

सोमवारी अमेयने मीटिंगमध्ये स्लाइड लावली. "फील्ड अॅव्हरेज, चारशे किलोमीटर पर डे. सो, इलेक्ट्रिक इज नॉट फीजिबल."

मी विचारलं, "हा आकडा कुठून आला?"

"सगळेच सांगतात की!"

मी कागद काढून वाचायला लागले. बसवराज, रोजची सरासरी एकशे बहात्तर. बाकीच्यांची त्याहून कमी. माझी एकशे सदुसष्ट.

बसवराज खाकरला. "अक्का, त्या वर्षी मला कावीळ झाली होती ओ."

"किती दिवस?"

"वर्षभर!"

अमेयसुद्धा हसला. पण मी कागद ठेवला नाही. कारण सरासरीमुळे कुणी रस्त्यात अडकत नाही. अडकवतो तो लांबचा दिवस. तेही मोजले होते. तीनशेच्या वरचे माझे दिवस वर्षात बावीस, आणि त्या बावीसही दिवशी वाटेत चार्जर होते. बसवराजचे साडेतीनशेच्या वरचे दिवस एक्केचाळीस, आणि त्याच्या बल्लारीकडच्या रस्त्यावर दोन ठिकाणी लांबच लांब काहीच नाही.

मी म्हणाले, "बसू, माझ्या कामाला ही गाडी बसते. तुझ्या कामाला आज तरी बसत नाही. तू घेऊ नकोस."

बसवराज ताडकन उठला. "वा! इतके दिवस मीच नको म्हणत होतो. आता तुम्ही मला नको म्हणणार? तुम्ही कोण सांगणार?"

* * *

ट्रायलचे चार दिवस उरले होते. सकाळी पावणेआठला सकलेशपूरहून फोन आला. तिथल्या डायलिसिस केंद्राचा पाण्याचा प्लँट बंद. सकाळची पाळी रद्द केलेली. दुपारी दोनच्या पाळीला चार रुग्ण. त्यातले दोघे दूरच्या कॉफीच्या मळ्यांतून बसने येणारे, त्यांना उद्यावर ढकलणं शक्य नव्हतं.

अंतर दोनशे वीस किलोमीटर. अमेय म्हणाला, "अक्का, धिस इज नॉट द डे. बसवराजची डिझेल घ्या."

"कॉल माझा आहे. गाडीही माझीच जाईल."

"मग बसवराज तुमच्याबरोबर येईल. ऑब्झर्व्हर म्हणून."

सव्वाआठला आम्ही निघालो. शंभर टक्के. बसवराज शेजारी बसला आणि त्याने नजर रस्त्यावर न ठेवता टक्क्यांवर ठेवली. दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्याने सांगायचा, दवाखान्यात ताप सांगतात तसा.

चन्नरायपट्टणाला सत्तेचाळीस टक्के उरले. तिथे वीस मिनिटं चार्ज करायचं ठरलं होतं. चार्जरचा पडदा काळा. शेजारचा नारळपाणीवाला म्हणाला, "करंट सकाळपासून नाही. संध्याकाळी येईल."

तेवढ्यात अमेयचा फोन. मी स्पीकरवर घेतला. "अक्का, रिटर्न या. मी म्हैसूरहून दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो."

"म्हैसूरहून माणूस निघून पोचेपर्यंत दोन वाजून जातील, अमेय. मी तिथे साडेबाराच्या आत असेन." मी फोन ठेवला.

बसवराज म्हणाला, "अक्का, अजून त्र्याहत्तर किलोमीटर. खात्री आहे ना?"

"हा रस्ता, हे सामान, तू शेजारी आणि सत्तरचा वेग. शंभर किलोमीटरला तीस टक्के. पोचू तेव्हा पंचवीस उरतील."

"आणि नाही उरले तर?"

"तर तू उतरून ढकलायचंस. ऑब्झर्व्हर आहेस."

एसी बंद केला, काचा थोड्या उघडल्या. ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते. एक ट्रॅक्टरसुद्धा बराच वेळ बरोबरीने चालला. बसवराजने हासननंतर आकडे सांगायचे बंद केले.

बारा बावीसला पोचलो. केंद्राच्या ओट्यावर चौघेही आधीच येऊन बसले होते. एका आजींनी गाडीकडे बघून बसवराजला विचारलं, "आवाज नाही हिचा. पेट्रोल संपलं काय?"

प्लँटच्या मोटरचा कॉन्टॅक्टर जळला होता. मोटर चालू-बंद करणारा तो स्विच माझ्या डिकीत नेहमी असतो. बदलला. पण पाणी लगेच देता येत नाही. आधी वाहू द्यायचं, मग क्लोरीन तपासायचं, शून्य आलं की पुन्हा एकदा तपासायचं. माझे दोन्ही हात ओले होते आणि फोन वाजत होता. बसवराजने उचलला. अमेयच होता.

"सर, अक्का कामात आहेत... गाडी? बाहेर उभी आहे... टक्के? सर, टक्के मला विचारू नका. इथं चार माणसं बसलीत. त्यांना फक्त पाणी कधी येणार तेवढं कळायला पाहिजे. तुम्हाला ते माहीत असेल तर सांगा, नाही तर ठेवा!"

एक बेचाळीसला क्लोरीनची दुसरी चाचणी शून्य आली. एक पन्नासला पाणी मशीनांना जोडलं. दोनला चौघेही खुर्च्यांवर होते. कॉल बंद केल्याची नोंद, एक अठ्ठावन्न. गाडीत चोवीस टक्के. परतताना हासनला चार्जिंगची बावन्न मिनिटं. राजाजीनगरला पोचलो सात पंचविसाला, एकोणीस टक्क्यांवर.

शुक्रवारी पाच जणांचे गाड्यांचे पक्के फॉर्म गेले. इलेक्ट्रिक एक, डिझेल चार. म्हैसूर, हासन, सकलेशपूर हा भाग माझ्याकडेच राहिला.