कडेने चालायचा किलीम

मावसबहिणीने नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जुना इराणी किलीम अंथरलाय. भटक्या मेंढपाळांच्या बायकांनी तंबूत विणलेला, आपल्या सतरंजीसारखा सपाट. "अगं, कडेने ये!" ती दारातूनच ओरडली. मी भिंतीला घासत सोफ्यावर चढले आणि मांडी घातली.

किलीमचा लाल रंग एका टोकाला फिका आहे. विणता विणता मुक्काम हलला की नव्या जागच्या पाण्यात लोकरीला रंग वेगळा चढायचा. तो पट्टा तिने सोफ्याखाली दडवलाय. म्हणे, "डिफेक्ट आहे तो."

वैताग नुसता! ज्यावर माणसं जेवली, झोपली, पोरं रांगली, त्याला माझे धुतलेले पाय चालत नाहीत!

ती चहा आणायला आत गेली. मी हळूच पाय सोडले आणि सोफ्याखाली त्या फिक्या पट्ट्यावर टेकवले. लोकर खरखरीत लागली. त्या घरात पहिल्यांदाच बसल्यासारखं वाटलं.