मध्ये कुठे उतरणार?

आमच्या समोरचे कुलुपवाले दाराला कुलूप लावून दोनदा ओढतात, जिना उतरतात, आणि परत वर येऊन तिसऱ्यांदा ओढतात. जन्मभर लोकांची कुलपं उघडून दिल्यावर माणसाचा कुलपावर विश्वास राहत नाही. यांचा तर जगावरच राहिलेला नाही. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळे संशयित. मीही, पण तिथे ते फारसे चुकत नाहीत.

त्यांची लेक लांबच्या शहरात असते. तिचे दिवस भरत आले, तेव्हा जावयाने सासूबाईंचं विमानाचं तिकीट पाठवलं. ते घेऊन कुलुपवाले माझ्याकडे.

"जायला बारा तास, यायला चौदा. अंतर तेवढंच ना? मग हे दोन तास कुठे मुरतात?"

"येताना वारा समोरून असतो म्हणतात."

"वाऱ्यावर काहीही ढकलता येतं."

त्यांनी तिथूनच जावयाला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "बाबा, थेट विमान मिळालं नाही. आई मध्ये उतरतील, थोडं थांबतील, मग पुढे येतील."

फोन खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. "उतरणार? कोणाकडे?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ कुठली ऐकते. "त्या मधल्या शहरात वहिनींचं कोणी आहे का हो?"

होतं. लग्नाआधी वहिनींना सांगून आलेलं एक स्थळ आता तिथेच राहतं. कुलुपवाल्यांचा चेहरा गंजल्यासारखा झाला.

वहिनी दारातच उभ्या होत्या. "अहो, विमान उतरतं. मी विमानतळातच बसणार. बाहेर सोडतसुद्धा नाहीत."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"बरं, नाही जात. लेकीला कळवा, बाबांचा संशय फिटेपर्यंत बाळाला थांबव म्हणावं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वहिनींची बॅग उचलली, फक्त तिला आपल्या हातचं कुलूप घातलं.

मधल्या विमानतळावरून वहिनींचा फोटो आला: खुर्ची, चहाचा कागदी पेला आणि कडेला कुणाचं तरी मनगट. कुलुपवाल्यांनी ते बोटांनी मोठं केलं.

"हे कोणाचं?"

"बाईचं. बांगडी दिसतेय."

"हल्ली कोणीही घालतं."

मग वहिनी पोचल्या, आणि चार दिवसांनी नात झाली. फोनवर ती बारीक आवाजात रडत होती. कुलुपवाल्यांनी फोन कानाला घट्ट लावला. मग वहिनींना म्हणाले, "मध्ये त्रास नाही ना झाला?"

"तुम्हीच येऊन बघा," वहिनी म्हणाल्या. "येताना बरोबरच येऊ. चौदा तास शेजारी बसा, लक्ष ठेवा."

मागच्या आठवड्यात ते गेले. निघताना घराची किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे." मला भरून आलं.

टॅक्सी वळल्यावर मी सहज लावून पाहिली. दुसऱ्याच कुलपाची होती.