टॉवर मोजणारा ज्ञानोबा

सव्वा महिना झाला. त्या सकाळी मी नांदेडला घरी दाढी करत होतो, तोच ज्ञानोबाच्या चुलतभावाचा फोन आला. ज्ञानोबा गेला, एवढंच तो बोलला. मी ओरडून विचारलं, "कुठल्या टॉवरवरून पडला?" वीस वर्षं ही एकच भीती मी पोटात घेऊन वावरलो होतो. पलीकडून उत्तर आलं, "टावर न्हाई ओ. घरी गच्चीवर झोपला व्हता. उठलाच न्हाई." अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी पलंगावर बसलो. उंच टॉवरवर वाऱ्यात लटकून काम करणारा माणूस स्वतःच्या गच्चीवर, उशीवर डोकं ठेवून मरतो? त्रेचाळीस हे काय वय आहे? मला अजूनही हे पटत नाही...

पॉलिटेक्निकपासूनची आमची जोडी. मोबाईल टॉवरच्या अँटेनातून निघणाऱ्या लहरी माणसाच्या अंगावर किती पडतात, हे मोजायचं आमचं काम. कंट्रोल रूमला फोन करून मी अँटेना बंद करून घ्यायचो, मग तो वर चढायचा. उतरल्यावर आजूबाजूच्या घरांतही मोजायचं असे. त्यात त्याचा धीर दांडगा आणि माझा अगदीच तोकडा. बिलोलीकडच्या एका गावात एक म्हातारी जीपसमोर आडवी आली. टॉवर उभा राहिल्यापासून तिची म्हैस पान्हा चोरत होती म्हणे. मी वैतागलो. ज्ञानोबा मात्र यंत्र घेऊन गोठ्यात शिरला, म्हशीच्या चारही बाजूंनी मोजून म्हणाला, "आई, लहरी तर लई कमी हायत. वैरण किती घालताव?" म्हातारी गडबडली, मग हसली, आणि त्याच म्हशीच्या दुधाचा चहा पाजून तिनं आम्हाला सोडलं. अशा माणसाबरोबर काम करताना आपण किती चिडके आहोत हे रोज कळायचं.

निलंग्याजवळच्या त्याच्या गावी पोचलो, तेव्हा अंगणात माणसं जमली होती. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला होता. त्याचे वडीलही याच वयात, असेच गेले होते. पण त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर टॉवर उभा आहे, आणि अंगणातले सगळे मान वर करून त्याच्याकडेच बघत होते. "टावरनं खाल्लं बघा," कुणीतरी म्हणालं. आयुष्यभर लोकांची ही भीती घालवत फिरलेला माणूस आत चादरीखाली पडला होता.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. सुमनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, चहा दिला आणि समोर बसून सरळ विचारलं, "भाऊजी, टावरनं नेलं का ह्यांना? सारं गाव तसंच म्हणलालंय. पोरं गच्चीवर पाय ठेवंनात. माझा भाऊ लातूरला चल म्हणलालाय. ह्यांनी हौसेनं बांधलेलं घर... सोडू का?"

मी छातीठोकपणे सांगितलं, "नाही वहिनी. टॉवरचा काही संबंध नाही."

त्यांनी लगेच विचारलं, "रेणापूरला बी तुम्ही असंच खात्रीनं सांगितलं व्हतं न्हवं?"

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रेणापूरजवळ एका टॉवरखाली उभा होतो आणि कंट्रोल रूमचा फोन लागत नव्हता. त्या दिवशी जीप नव्हती आणि मला नांदेडची बस गाठायची होती. मी ज्ञानोबाला बेधडक सांगितलं, "बंद केलंय, चढ." तो चढला. अँटेनाजवळ पोचताच त्याच्या छातीवरचं, लहरी वाढल्या की इशारा देणारं यंत्र कोकलायला लागलं. तो सरसर खाली आला, माझ्या तोंडाकडं बघत मुकाट्यानं पाणी प्यायला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ही गोष्ट आमच्या दोघांतच राहिली, असं मी समजत होतो.

"त्यांनी त्याच दिवशी सांगितलं मला," वहिनी म्हणाल्या. "माधवला बोलू नगंस, लई लाजंल, म्हणले." मला रडू आवरेना. त्या काही क्षणांनी त्याचा जीव गेला नाही, हे मला कळतं. पण मी खोटं बोललो होतो आणि त्यानं माझी लाज राखली होती... आता त्याच्या बायकोला माझा शब्द पुरत नव्हता. "राग न्हाई तुमच्यावर," त्या म्हणाल्या, "पर तोंडानं सांगू नगा. मोजून दावा."

जीपमधून यंत्र आणलं. ऊन कलल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. हात लांब करून यंत्र धरायचं आणि सरासरी निघेपर्यंत सहा मिनिटं हलायचं नाही, अशी पद्धत. आकडा सरकारी मर्यादेच्या कितीतरी खाली होता. तेवढ्यात माझ्या खिशातला मोबाईल वाजला आणि आकडा एकदम वर उसळला. वहिनी दोन पावलं मागं सरकल्या. मोजताना मोबाईल जवळ ठेवायचा नाही, हे मीच नव्या लोकांना शिकवतो, आणि त्या दिवशी मीच विसरलो! "वहिनी, हा मोबाईलचा..." मी बोलायला लागलो.

"द्या हिकडं," म्हणत त्यांनी मोबाईल घेतला आणि खाली नेऊन ठेवला. पुन्हा सहा मिनिटं. आकडा खाली. त्या स्वतः मोबाईल वर घेऊन आल्या, घरातल्या फोनवरून थोरल्या पोरीला त्यावर रिंग द्यायला लावली, आकडा उसळला. मोबाईल परत खाली ठेवून आल्या. पुन्हा सहा मिनिटं. मी यंत्र फक्त त्यांच्यापुढं धरलं. आकडा त्यांनीच मोठ्यानं वाचला, मग कठड्याशी जाऊन खाली हाक मारली, "गाद्या वर आणा रे."

थोरली आणि धाकटा, दोन्ही पोरं गाद्या घेऊन आली. बापाची गादी सुतकातच टाकून दिली होती. आता माणसं तीन, तरी गाद्या मोजल्या तर चार भरल्या. सवयीनं पोरांनी पाहुण्यांसाठीची एक उचलून आणली होती. धाकट्याच्या ते लक्षात आलं आणि तो ती परत न्यायला वाकला.

"ऱ्हाऊ दे," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी ती जिन्याच्या बाजूला, ज्ञानोबाच्या जागेवर अंथरली.