रुमाल टाकलेली सीट

मुखेडहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत तो रोज असायचा. खिडकीतून रुमाल टाकून दोघांची सीट धरायचा. खिडकीशी स्वतः, शेजारी पिशवी. मग मोबाईलवर जगाच्या बातम्या. त्या दिवशी कुठल्याशा देशात लोक हुकूमशहाच्या महालात घुसले होते.

"लई चुकलं," तो सीटपाशी उभ्या असलेल्या मला म्हणाला. "असल्या माणसाला ऊठ म्हणायचं नसतंय. जरा सरका म्हणायचं. गोडीत बोलणी करायची."

माझ्याशेजारी उभी असलेली म्हातारी त्याला म्हणाली, "बाबा, जरा सरक की."

"माणूस यायलाय, मावशी."

हा येणारा माणूस मी वर्षभरात कधी पाहिला नव्हता. म्हातारीनं दोन थांबे वाट पाहिली. मग सीटवरची पिशवी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली आणि ऐसपैस बसली.

 तो माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "हिला फूस तुमचीच हाय."