हट्ट्याच्या शर्यतीत कोण जिंकेल हे मी सांगितलं होतं

मला अक्षर येत नाही. मी बोलते, माझी नात सुनी वहीत उतरवते आणि हिंगोलीला कॉलेजात गेली की तिथून नेटवर चढवते. मधेच एखादं वाक्य फार शहाण्यासारखं वाटलं तर ते तिचं समजा.

जायचं ठरलं ते एका घोंगडीवाल्यामुळं. फाल्गुनात तो पुसेगावला आमच्या दारात टेकला, पाणी प्याला आणि म्हणला, "आजी, तुमची काजळी दिसली बापा. डावा कान फाटलेली, तीच ना? हट्ट्याच्या अलीकडं जत्रा भरते, तिथं घोड्यांच्या शर्यतीत दरसाल पळून राहिली."

"पळते? अरे, अठरा वर्षांची झाली ती. माझ्या वयाची म्हण की."

"मागच्या साली दुसरी आली. मारोतराव म्हणून कास्तकार हाय, त्याच्या दावणीला हाय. पर यंदा जिंकली तरच ठेवतो म्हणते. न्हाई तर वीटभट्टीवाल्याला शब्द देऊन बसला."

तो घोंगडी न विकताच गेला. मी सुनीला म्हणलं, "जत्रेला जायचं." ती म्हणली, "काहून? तुला तर देवाचं वेड न्हाई." म्हणलं, "घोड्याचं हाय."

काजळी कोण, ते सांगते. आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. आठ-आठ महिने चालणं. गडीमाणसं मेंढरं घेऊन पुढं, आणि बाई घोडीबरोबर मागं. घोडीच्या पाठीवर सगळा संसार: पाल, भांडी, कोंबड्या, रात्री जन्मलेली कोकरं आणि सगळ्यांत वर बांधलेलं लेकरू. आता कोकरू पळालं की बाईनं कोकरामागं धावायचं का घोडीची दोरी धरायची? म्हणून आम्ही बायका घोडीला शिकवतो. ओठ थरथरवून "डुर्रऽऽ" केलं की जिथं असेल तिथं उभी. आणि मग कुणी ओढलं, मारलं तरी हलायचं नाही. जिनं थांबवलं तिनंच टाळूला जीभ लावून दोनदा "टक टक" केलं की चालायचं.

सुनी पाच वर्षांची असताना एका ओढ्यात ओझं कललं आणि पोरगी दोरीला लटकून काजळीच्या पोटाखाली गेली. मी मागं होते, डोक्यावर घागर. "डुर्रऽऽ" केलं. काजळी उभी राहिली, पुढचा एक पाय उचललेला होता तो तसाच उचलून. खाली टेकवला असता तर पोरीच्या छातीवर पडला असता. मी पाण्यातून येईपर्यंत तिनं तो पाय हवेत धरला. हे जे तुम्ही वाचताय, ते त्या उचललेल्या पायामुळं.

पाच वर्षांमागं सुनीचा आजा गेला, मेंढरं विकली, मागोमाग काजळीही बाजारात गेली. आता पोराच्या पत्र्याच्या घरात मी आणि दोन शेळ्या आहोत. आम्हा तिघींतल्या त्या दोघी दूध देतात.

तर प्रवास. पुसेगावहून पहिली एस.टी. पकडा, दुसरीचा भरवसा धरू नका. कंडक्टर म्हणला, "आजी, अर्ध्या तिकिटाला वयाचा पुरावा लागते."

"गुडघा हाय ना बापा. चढताना वाजला, ऐकला न्हाई का?"

त्यानं अर्धंच फाडलं. हिंगोलीला गाडी बदलायची. औंढ्यापर्यंत बसायला जागा मिळते, पुढं वसमतपर्यंत लोक मांडीवर बसतात. वसमत जवळ आलं की आंधळ्यालाही कळतं, हळद शिजवायचे दिवस असतात आणि वास खिडकीतून आत येऊन नाकाला चिकटतो. स्टँडवर फडक्यातली भाकरी काढून खाल्ली. सोबत ठेचा न्या. तिथली भजी नुसती तेलातून धावत गेलेली असतात. वसमतहून पुढं काळीपिवळी जीप. तिथं म्हाताऱ्यांना सूट नाही, दयामायाही नाही.

"आजी, जरा सरका, अजून चौघं बसतेत."

"दोघं माझ्या खांद्यावर बसव की."

सगळी जीप हसली. सुनी तेवढी हसली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणली, "आजी, ती तुला ओळखील का गं?"

म्हणलं, "ओळखलं तर पंचाईत. शर्यतीआधी तिच्यापुढं जायचंच न्हाई. घोडीचं ध्यान फुटते." एवढी अक्कल मला होती, हे लिहून ठेव.

जत्रा रिकाम्या झालेल्या हरभऱ्याच्या वावरात. जाणार असाल तर पाणी घरचं न्या, डोक्याला काहीतरी घ्या आणि गुळाची जिलेबी गरम असतानाच खा. एका लिंबाखाली शर्यतीची सगळी घोडी ओळीनं बांधलेली होती. तिथून सरळ रेघेत पळायचं, पलीकडच्या बाभळीपाशी लाल झेंडी. वाटेत कालव्याची चारी आडवी गेलेली, ढोपरभर पाणी आणि दोन्ही काठांना चिखल. मी आधी ती चारी बघून आले, मग घोडी, तीही लांबूनच. तुम्हीही तसंच करा. घोडं कशावर पळणार हे न बघता घोडं बघणं म्हणजे घर न बघता पोरगी देणं.

चहाच्या पालात टोपीवाल्यांचा घोळका पैजा लावत होता. एक जण म्हणला, "आजी, घोड्यातलं काय कळते तुमाला?"

"अक्षर सोडून समदं कळते."

"मंग सांगा, पहिल्या फेरीला कोण?"

म्हणलं, तो तांबडा सोडा. गुडघ्याला रेशमी पट्टा बांधलाय. सजावट दिसली की आधी विचारायचं, खाली काय लपवलंय. तो काळाही सोडा, अजून सुटलाही नाही आणि मांड्यांत घामाचा फेस आलाय, त्याची शर्यत इथंच संपली. ती बुटकी तपकिरी बघा. धुळीत तिचे पाय बघा. पुढच्या पायाचा ठसा उमटलाय त्याच्याही पुढं मागचा पाय पडतो. ती पळत नाही, जमीन गिळते.

तपकिरी पहिली आली. टोपीवाल्यांनी मला बसायला खाट दिली.

दुसऱ्या फेरीला मी पांढऱ्यावर बोट ठेवलं. तो शेवटून पहिला आला. त्याची चाल सुनीच्या आज्यासारखी होती, एवढंच कारण. मरून पाच वर्षं झाली तरी तो माणूस मला फसवतोच.

तिसऱ्या फेरीला काजळी सोडली. मी गर्दीमागून बघितली. डोळ्यांवर खळगे पडलेले, पाठ जरा बसलेली. पण कान पुढं आणि श्वास थंड. तिच्या संगतीला तीन तरणी घोडी, अंगावर नुसती चकाकी.

टोपीवाल्यांनी दाखवलेले मारोतराव शेजारीच उभे होते. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. मी कोण ते न सांगता विचारलं, "ही म्हातारी काहून पळवता?"

"तिचं नशीब अजमावून राहिलो, आजी. पुतण्या बसते तिच्यावर. जिंकली तर मरेस्तोवर दावणीला ठेवतो, देवाशपथ. हरली तर तो बसलाय बघा भट्टीवाला. मला बी कडबा विकतच घ्यावा लागते ना."

भट्टीवाला लिंबाच्या मुळीवर बसून ऊस सोलत होता. हातात दोरी होती.

टोपीवाल्यांनी विचारलं, "कोण, आजी?"

"फाटक्या कानाची."

"हाऽऽ, येडी का काय? मागं राहील ती."

"चारीपर्यंत मागं राहील. ही तरणी घोडी रस्त्यावर वाढली, चमकतं पाणी बघून बिचकतील. तिनं आयुष्यभर ओढे ओलांडले, तेही माझा संसार पाठीवर घेऊन." बोलता बोलता 'माझा' निघून गेलं. कुणाचं लक्ष गेलं नाही.

शर्यत बघायची तर झेंडीजवळ उभं राहू नका, निकाल आधीच कुठंतरी लागलेला असतो. मी सुनीचा हात धरून चारीच्या काठाला गेले.

सुटली. तिन्ही पुढं, काजळी मागं, धुळीत दिसेनाच. चारी आली. पहिलं घोडं काठावर आडवं झालं, दुसरं त्याला धडकलं, तिसऱ्यानं दोन पाय वर केले. त्यांच्या बाजूनं काजळी आली, मान खाली घालून चिखल हुंगला आणि सरळ पाण्यात उतरली. "आजी, जिंकली!" सुनी ओरडली. पुढं नुसतं मोकळं वावर आणि झेंडी.

आणि पाण्याखालच्या चिखलात तिचा पाय सरकला, पुतण्याची मांड निसटली. तो एका अंगाला लटकला, तिच्या पोटाकडं. गडी होता, आयाळ धरलेली होती, पुढच्या श्वासाला वर आला असता. पण मला गडी दिसला नाही. मला पाच वर्षांची सुनी दिसली.

"डुर्रऽऽ!"

काजळी उभी राहिली. चारीच्या मध्यात, एक पाय उचलून.

पुतण्या सावरून बसला. टाचा मारल्या, चाबूक मारला. ती हलली नाही. फाटका कान माझ्याकडं वळवून उभी. मला तेव्हाच टकटक करायला हवी होती. पण तोंडात जीभच नव्हती, बाई. सगळी कोरडी. तेवढ्यात त्या बिचकलेल्यांतलं एक घोडं पाणी उडवत पलीकडं गेलं आणि झेंडी त्याची झाली.

मी मारोतरावांपुढं गेले. कोण, काय, ती हाक, सगळं सांगितलं. "घोडीचा दोष न्हाई, माझ्या तोंडाचा हाय. पुन्हा पळवा."

त्यांनी भट्टीवाल्याकडं बघितलं. मग म्हणले, "आजी, शब्द सगळ्यांसमोर दिलेला हाय. अन् जी कुणाच्या हाकेला उभी राहते, तिला मी पुढच्या साली कशी पळवू?"

सुनी माझ्या पदराला झोंबली. "आपण नेऊ तिला."

"कुठं बांधायची? तुझ्या बापाच्या पत्र्याला? खायला काय, तुझं पुस्तक?" हे मी तिला तोडून बोलले. त्याची माफी इथंच मागते, कारण ती लिहून राहिली.

भट्टीवाल्यानं दोरी अडकवली होती. पण काजळी अजून चारीतच. तो ओढत होता, मागून दोघं ढकलत होते. मी म्हणलं, "मारू नको रे. ह्या हाकेला थांबते ती, शिकून घे. ओझं कललं तर कामी येईल."

"मला चालणारी पाहिजे, आजी. थांबणारी काय करू?" असं म्हणून त्यानं काठी उचलली.

मग मी पाण्यात उतरले. तिच्या तोंडाजवळ गेले. तिनं माझ्या काखेत नाक घातलं, पूर्वी तिथं मी गुळाचा खडा बांधायचे. त्या दिवशी नव्हता. पाच तासांच्या वाटेत मला सगळ्यांसाठी ठेचा सुचला, तिच्यासाठी गूळ सुचला नाही. चारीचं पाणी तोंडात घेतलं, जीभ ओली केली आणि दोनदा टाळूला लावली.

टक टक.

तिनं पाय खाली टेकवला आणि गेली. भट्टीवाल्यामागं, सरळ. एकदाही थांबली नाही. थांबणार कशी, मीच तर जा म्हणलं होतं.

परतीची जीप भरलेली होती. टोपीवाल्यांतला एक जण भेटला, म्हणला, "आजी, तुमी बराबर सांगितलं होतं बघा, तीच जिंकून राहिली होती." मी म्हणलं, व्हय. वसमतला हळदीचा वास होताच. हिंगोलीहून शेवटची गाडी मिळाली, कंडक्टर सकाळचाच. त्यानं गुडघ्याचं विचारलं. सुनीनंच सांगितलं, "आज वाजत न्हाई."

शर्यत बघायला जाणार असाल तर जा. चारी बघा, ठसे बघा, पट्ट्याखालचा गुडघा बघा, बहुतेक वेळा बरोबर ठराल. फक्त पळणाऱ्यांत ओळखीचं कुणी असेल तर तोंडात पदर धरा.

घरी शेळ्यांना सकाळी बाहेर काढताना मी टकटक करत असे. त्यांना तीच सवय. आता त्या दारात उभ्या राहतात, माझ्या तोंडाकडं बघत. मी त्यांना हातानं ढकलते.